आपले दोन डोंगर : त्यांच्या वाटा आणि जुनीं झाडें

नकाशांत आपला बुलढाणा जिल्हा पाहिला तर दोन डोंगरांच्या मधें झोळी बांधावी तसा तो दिसतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मधें पूर्णेचें सपाट, काळें खोरें. आपल्या पूर्वजांनीं या पट्ट्यांस मोठीं नेमकीं नांवें दिलीं आहेत. मधला सखल भाग तो पयनघाट, म्हणजे घाटाखालचा प्रदेश. दक्षिणेचें पठार तें बालाघाट, म्हणजे घाटावरचा. आणि सातपुड्यांत पूर्वेकडे गेलें म्हणजे लागतो तो मेळघाट. हिमालयाचीं शिखरें उंचीसह घडाघडा म्हणणारीं मुलें आम्हांस पुष्कळ भेटतात. परंतु स्वतःच्या गांवाच्या वेशींतून जो डोंगर रोज दिसतो त्यावर कोणत्या वाटेनें चढावें, वर काय आहे आणि तेथील झाडाचें नांव काय, हें सांगणारा विरळा. त्या वाटांचा थोडा अभ्यास येथें करावयाचा आहे. आणि पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत वयोवृद्ध झाडें जेथें उभीं आहेत त्या दूरच्या पर्वतावरहि जाऊन यावयाचें आहे.

प्रथम जवळचा डोंगर घेऊं. मलकापुराहून बुलढाण्यास येतांना राजूर घाट लागतो, खामगांवाहून येतांना बोथा घाट. मोटारींत बसलेल्या मनुष्यास घाट म्हणजे चार वळणें आणि कानांत बसलेले दडे, एवढेंच ठाऊक असतें. पायीं चढणारास मात्र तो पायरीपायरीनें कळतो, कारण हा डोंगर खरोखरच पायऱ्यांचा आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हां बाहेर पसरला व थरावर थर बसला. त्यांतील कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार झाले. कड्याशीं दम लागतो आणि उतारावर पाय मोकळे होतात, याचें कारण ही जुनी घडण आहे.

पूर्णेकांठचीं शेतें समुद्रसपाटीपासून सुमारें नऊशें फूट उंच आहेत. बुलढाणें शहर दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. हजार फूट चढलें कीं हवा सरासरीनें दोन अंश सेंटिग्रेड थंड होते. यावरून मलकापूर व बुलढाणें यांच्या उन्हाळ्यांत अंतर किती पडावें, हा हिशेब इयत्ता पांचवीच्या मुलासहि करतां येईल.

या धारेवर उभें राहिलें असतां एक गोष्ट अवश्य ध्यानांत आणावी. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या मार्गानें पूर्णेस मिळतो, तेथून तापीस, आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास. त्याच धारेच्या दुसऱ्या अंगास पडलेला थेंब पैनगंगेंत जातो. पैनगंगेचा उगम आपल्याच तालुक्यांत आहे. तो थेंब वर्धेस, मग प्राणहितेस, मग गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरांत पोंचतो. एका ढगाचें पाणी, एका दगडावर फुटलेलें, आणि दोन समुद्र! भूगोलाचें पुस्तक मिटून ठेवून मुलांस एकदां तरी तेथें उभें करावें, असें आम्हांस वाटतें.

बोथ्याच्या परिसरांतील जंगलास १९९७ सालीं ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. या जंगलाची मोठी ख्याति नव्हती. परंतु २०१९ च्या डिसेंबरांत तेथें एक पाहुणा आला आणि देशभर त्याचें नांव झालें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेला हा तरुण वाघ. त्याच्या गळ्यांत वनखात्यानें रेडिओचा पट्टा बांधिलेला असल्यामुळें त्याचें प्रत्येक पाऊल नकाशावर उमटत गेलें. जून १९ मध्यें तो निघाला, तेलंगणाच्या हद्दींतून गेला, परत फिरला, हिंगोली, वाशीम, अकोला या जिल्ह्यांतून शेतें, ओढे, रस्ते ओलांडीत आपल्या डोंगरांत येऊन पोंचला. पट्टा असेपर्यंत तो एकंदर अठराशें मैलांहून अधिक चालला. लोकांनीं त्याचें नांवच ‘वॉकर’ ठेविलें. एवढ्या प्रवासांत तो माणसांपासून दूर कसा राहिला? दिवसां ओढ्याकांठच्या झुडपांत पडून राहावें, रात्रीं चालावें, अशी त्याची रीत होती. आपण ज्यांस निरुपयोगी पडीक म्हणतों ते ओढे-नाले व डोंगरांच्या पट्ट्या जंगलास जंगल जोडणाऱ्या वाटा आहेत, हें या जनावरानें स्वतः चालून दाखवून दिलें. ज्ञानगंगेंत त्यास शिकार मिळाली, पण वाघीण मिळाली नाहीं.

आतां खोरें ओलांडून सातपुड्याकडे जाऊं. जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील मुलांस हा डोंगर अंगणांतून दिसतो. मैदान सरळ येतें आणि भिंतीस टेकावें तसें डोंगरास टेकतें. येथेंच अंबाबरवा अभयारण्य आहे, व तें आतां मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. तेथून पूर्वेस, अकोट तालुक्यांत, नरनाळा. जिल्ह्याची हद्द कागदावर असते. डोंगरास ती ठाऊक नसते, म्हणून नरनाळ्यास आम्ही परका मानीत नाहीं. सहलीसाठीं याहून चांगली जागा आमच्या माहितींत नाहीं.

अकोटाहून उत्तरेस शहानूर हें पायथ्याचें गांव. तेथें वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. वाट वळणें घेत चढूं लागते आणि एकामागून एक दरवाजे लागतात. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें तीन हजार फूट. मुख्य गडाच्या दोन बाजूंस जाफराबाद व तेलियागड असे दोन लहान गड चिकटलेले आहेत. अबुल फजलानें ‘आईने अकबरी’ ग्रंथांत नरनाळ्याची मोठा डोंगरी किल्ला म्हणून नोंद केली आहे. आंतील महाकाली दरवाजा मात्र सावकाश पाहावा. सभोंवार सगळा काळा दगड. हा दरवाजा पांढरट वालुकाश्माचा. त्यावर कोरीव कमळें, दोन्हीं अंगांस जाळीदार सज्जे आणि अरबी लेख. बहामनी सुलतान महमूदशाहाच्या राज्यांत इ. स. १४८७ मध्यें तो बांधिला गेला. साडेपांचशें वर्षांचा वारापाऊस त्यानें सोसला; आमच्या काळांतील सहलकरांची नखें व कोळसे सोसवतील कीं नाहीं, याची शंका आहे.

गडावर टांकीं व तलाव पुष्कळ आहेत. बावीस असल्याचें सांगतात. उंच डोंगरावर पाणी कसें, असा प्रश्न मुलें हटकून विचारतात. उत्तर सोपें आहे. कठीण थराच्या बशींत पावसाचें पाणी अडवावयाचें आणि गळती थांबवावयाची. बांधणारांनीं दगडाचा स्वभाव ओळखून काम केलें. यांपैकीं सक्कर तलावाच्या पाण्यानें कुत्र्याचें विष उतरतें, अशी जुनी समजूत आहे. पालकांस येथें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे : कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत लस घ्यावी. तलाव पाहावयास मग केव्हांहि जातां येईल.

चढणीस वेळ किती लागेल याचा अंदाज आधींच करावा. स्कॉटलंडमधील नेस्मिथ नांवाच्या गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा नियम घालून दिला. दर तीन मैलांस एक तास धरावा, आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट चार मैलांची व चढ पंधराशें फुटांचा आहे. चालण्याचीं ऐशीं मिनिटें, चढणीचीं पंचेचाळीस. एकूण दोन तास पांच मिनिटें. लहान मुलें बरोबर असल्यास याची दीडपट धरणें बरें. उतरणीस वेळ कमी लागतो असें मानून पुष्कळजण अंधारांत सांपडतात. सैल मुरुमावर उतरणें चढण्याहून अवघड असतें.

वाटेंत झाडांकडे पाहूं. मार्चांत गेलां तर हें जंगल मेलें आहे असेंच वाटेल. पानें नाहींत, गवत वाळलेलें, दगड तापलेले. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि आठ महिने झाडांस साठवणीवर काढावे लागतात. पानें गाळणें हा त्यांचा काटकसरीचा उपाय आहे. मुरमाड उतारावर सालई उभी असते, तिची साल कागदासारखी पापुद्र्यांनीं सुटते. हिचा डिंक सुगंधी. अरबस्तानच्या रुक्ष डोंगरांत होणारें उदाचें झाड हिची सख्खी बहीण होय. मागी लोकांनीं बेथलेहेमास नेलेला ऊद त्याच जातीच्या झाडाचा. ही सालई लगदा करून वर्तमानपत्राच्या कागदासाठीं वापरली गेली. आपल्या सातपुड्यापलीकडील नेपानगरच्या कारखान्याचें उद्घाटन पंडित नेहरूंनीं १९५६ सालीं केलें, तेथें बांबूबरोबर सालईहि जात असे. सालईजवळ एखादें पांढरें, गुळगुळीत, निष्पर्ण झाड दिसेल तें कांडोळ. चांदण्यांत तें भुतासारखें दिसतें खरें, पण बिचारें निरुपद्रवी आहे. धावड्याचा डिंक तर प्रत्येक घरांत बाळंतिणीच्या लाडवांत असतोच.

आणि अंजन. अजिंठ्याच्या रांगेंत खडकाळ जागीं, जेथें दुसरें झाड धजत नाहीं तेथें हा उभा राहतो. याचें पान ओळखण्यास सोपें : देंठाशीं जुळलेलीं दोन दळें, पंख पसरलेल्या लहान फुलपांखरासारखीं. लांकूड इतकें जड कीं वाळलेला तुकडाहि पाण्यांत बुडतो. खडकांत मूळ शिरवावयाचें, थोडें थोडें वाढावयाचें आणि तीं वाढ घट्ट करून ठेवावयाची, असा याचा क्रम. हा स्वभाव ध्यानांत ठेवा, कारण आतां आपणांस ज्या झाडांकडे जावयाचें आहे त्यांचें रहस्य हेंच आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या पूर्व सीमेवर व्हाइट माउंटन्स नांवाची पर्वतराजि आहे. पश्चिमेस सिएरा नेवाडाची उंच भिंत असल्यामुळें समुद्राकडून येणारे ढग तेथेंच रिते होतात, आणि पलीकडे उंचावरचें वाळवंट पसरतें. सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछाया पडते, तोच प्रकार, पण कितीतरी कडक. तेथील सर्वोच्च शिखर सुमारें १४,२५० फूट. रस्त्याच्या शेवटच्या फाटकापासून माथा सुमारें सात मैल, चढ अडीच हजार फुटांहून थोडा अधिक. नेस्मिथच्या नियमानें साडेतीन तास होतात. पण एवढ्या उंचीवर हवा विरळ, दर श्वासास प्राणवायु कमी, त्यामुळें धडधाकट मनुष्यहि पावलापावलास थांबतो. या पर्वताच्या दहा-अकरा हजार फूट उंचीच्या उतारांवर ब्रिसलकोन पाइन या जातीचीं झाडें आहेत. पाइन म्हणजे आपल्या हिमालयांतील चीड, देवदाराच्या गोतांतलें सूचिपर्णी झाड. पण चित्रांत पाहतों तसें सरळ, उंच, हिरवेंगार नव्हे. पिळवटलेला बुंधा, वाऱ्यानें व बर्फानें घासून पिवळसर झालेलें उघडें लांकूड, आणि एका अंगास सालीची एकच जिवंत पट्टी; तिच्या जोरावर वर चार हिरव्या फांद्या.

ॲरिझोना विद्यापीठांतील एडमंड शुलमन या संशोधकानें १९५७ सालीं यांतील एका झाडाचें वय मोजिलें, तें साडेचार हजार वर्षांहून अधिक भरलें. मोहेंजोदडोचें नगर भरभराटींत येण्याच्या सुमारास रुजलेलें झाड, आणि तें आजहि जिवंत आहे! त्यास मथुशलह हें नांव मिळालें. पवित्र शास्त्रांत ९६९ वर्षें जगलेला म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो मथुशलह. झाडानें त्याच्या वयाची चौपट केव्हांच ओलांडिली. तें नेमकें कोणतें हें तेथील वनखातें कोणास सांगत नाहीं. पाटी लावली तर लोक फांद्या मोडून नेतील, अशी त्यांस भीति. माणूस सगळीकडे सारखाच, दुसरें काय!

वय कसें मोजितात? सालीच्या आंत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो दरवर्षीं आंतल्या अंगास नवें लांकूड घालतो. ऋतूच्या आरंभीं झालेलें लांकूड सैल, अखेरचें घट्ट. त्यामुळें एकेका वर्षाचें एकेक वर्तुळ उमटतें. झाड पाडण्याची गरज नाहीं. पोकळ गिरमिटानें पेन्सिलीएवढी कांडी काढून वर्तुळें मोजतां येतात. चांगल्या पावसाचें वर्तुळ रुंद, अवर्षणाचें अरुंद, म्हणून तीं जुन्या पावसाची नोंदवहीहि होतात. आपल्याकडील सगळींच झाडें अशीं वर्तुळें स्पष्ट दाखवीत नाहींत. साग मात्र दाखवितो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील संशोधकांनीं सागाच्या वर्तुळांवरून मागील शतकांतील पर्जन्याचा अभ्यास केला आहे. लांकडाच्या वखारींत सागाचा आडवा कापलेला ओंडका दिसला तर भिंग घेऊन अवश्य मोजून पाहा.

आतां खरा प्रश्न. एवढ्या ओसाड जागीं झाड एवढें कसें जगलें? उत्तर असें कीं, तें ओसाड जागीं होतें म्हणूनच जगलें. अन्न-पाणी थोडें, म्हणून वाढ अतिशय मंद. इंचभर जाडीस शंभर वर्षेंहि लागतात. मंद वाढीचें लांकूड दाट व राळेनें भरलेलें, म्हणून कीड व बुरशी त्यांत शिरत नाहीं. सुपीक जागचीं त्याच जातीचीं झाडें लवकर मोठीं होतात आणि लवकर जातात. आणखी एक कारण आहे, तें आपल्या विशेष उपयोगाचें. तेथें झाडें एकमेकांपासून दूर आहेत आणि मधली जमीन उघडी, पांढरट खडकाची आहे. वीज पडून एक पेटलें तरी आग दुसऱ्याकडे जाण्यास वाट नाहीं.

तरीहि निसर्गानें जें राखिलें तें माणसानें घालविल्याचें उदाहरण आहेच. नेवाडा प्रांतांत व्हीलर शिखराच्या उतारावर १९६४ सालीं असेंच एक झाड संशोधनासाठीं, वनखात्याच्या परवानगीनें, कापण्यांत आलें. ओंडक्याचीं वर्तुळें मोजल्यावर कळलें कीं तें ४,८०० वर्षांहून अधिक वयाचें होतें. तोंवर मोजलेल्या झाडांत सर्वांत वडील. १९८६ मध्यें तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. बुंधा तेवढा तेथें आहे.

आपल्या डोंगरांत एवढीं जुनीं झाडें कां नाहींत, असें कोणी विचारील. जातीचा फरक आहेच. शिवाय आपल्या झाडांस वृद्ध होऊं दिलें कोणी? १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. रुळांखालील लांकडें, पूल, इमारती, सरपण, सर्वांची मागणी जंगलांवर आली. १८६५ चा जंगल कायदा झाला तो जंगल जगविण्यासाठीं तसाच लांकडाचा पुरवठा हातीं ठेवण्यासाठींहि. आज मोठी कुऱ्हाड थांबली आहे. चिंता आगीची आहे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रांत जमीन वाळल्या पानांनीं व गवतानें झांकलेली असते. मोहाचीं फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळितात, आणि ती आग वाऱ्यानें डोंगर चढते. मोठें झाड एका आगीनें मरत नाहीं. पण बुंध्यास चटका बसून खोक पडते, दरवर्षीं ती खोल होते, आणि अखेर एका उन्हाळ्यांत पोकळ बुंधा आंतून पेटतो. रोपें तर पहिल्याच वर्षीं जातात. फुलें वेंचणारांस दोष देऊन भागणार नाहीं. तीं फुलें त्यांचें अन्न व रोकड आहे. पाचोळा झाडून बाजूस करावा किंवा फुलांखालीं जाळें पसरावें, हे उपाय आहेत, परंतु जाळ्यास पैसे लागतात.

ज्यांचें घरच या डोंगरांत होतें त्यांचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. व्याघ्रप्रकल्पासाठीं केळपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड इत्यादि गांवें खालीं अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूस वसविण्यांत आलीं. त्यांत बहुतेक कोरकू कुटुंबें. कांहीं जण पुढें परत डोंगरांत गेलेहि. जंगल वाचवावें हें खरें. पण ज्या माणसास सालईची व अंजनाची जात अंधारांत वासावरून कळते त्यास मैदानांत भूमिहीन मजूर व्हावें लागलें तर त्या ज्ञानाचें काय होणार? श्रावणांत धारगडच्या महादेवास अकोटाकडून हजारों लोक डोंगर चढून जातात. त्या वाटाहि मूळच्या याच लोकांच्या पायांनीं पडलेल्या.

मैदानांतल्या पालकांनीं हा डोंगर दूरचा समजूं नये. पूर्णेचें खोरें खारपाणपट्टा आहे. विहिरींचें पाणी खारट, आणि त्यामुळें मूत्रपिंडाचे विकार जडल्याच्या तक्रारी संग्रामपूर, जळगांव जामोद भागांत वर्षानुवर्षें आहेत. तेथील कितीतरी गांवांस गोडें पाणी मिळतें तें वाण नदीवरील वारीच्या धरणांतून, म्हणजे सातपुड्याच्या जंगलांत मुरलेल्या पावसांतून.

सहलीस निघणारांसाठीं थोडें. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. दर मुलामागें दोन लिटर पाणी, टोपी, पायांत बूट, आणि दहा मुलांमागें एक मोठें माणूस. अभयारण्यांत परवानगीवांचून पायीं शिरूं नये. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांत तर पायीं हिंडण्यास मनाईच आहे, आणि बरोबरचा वाटाड्या सांगेल तेथेंच उतरावें. आगकाडी कोणाच्याहि खिशांत नसावी. झाडावर नांव कोरण्याची हौस अनेकांस असते. कोरलेलें नांव झाडाबरोबर उंच जात नाहीं, कारण झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. तें आपल्या जागींच राहतें आणि जखम मात्र किडीस दार होते.

त्यापेक्षां शिवारांतलें एखादें अंजनाचें किंवा सागाचें झाड निवडा. जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूनें खूण करून दोरीनें त्याचा घेर मोजा. वहींत तारीख, जागा, झाडाची जात, घेर, त्या वर्षींचा पाऊस आणि आग लागली कीं नाहीं, एवढें लिहा. पुढल्या वर्षीं त्याच महिन्यांत पुन्हां मोजा; निरनिराळ्या ऋतूंत मोजल्यास साल फुगल्या-आकसल्यानें आंकडा चुकतो. अंजनाचा घेर एका वर्षांत दोरीवर दिसेल इतका वाढेलच असें नाहीं. तेव्हां शाळा सोडतांना ती वही धाकट्या भावंडाच्या हवालीं करावी.